ताटावरचा हात

जीप बायपासला लागली तेव्हा दिपाने चौथ्यांदा माणसं मोजली, आणि चौथ्यांदाही ती अकराच भरली. त्यात ड्रायव्हर धरला नव्हता.

हिंगोलीला पोरीचा वर्ग घेणाऱ्या मॅडमनी सांगितलेलं खरं तर अगदी सोपं होतं. हॉटेलात न्या तिला. दुपारी चारच्या सुमारास, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. तुम्ही दोघं आणि सृष्टी, बस. तिचं खाऊन झालं की निघायचं, तुमचं झालेलं नसलं तरी. पण दिपाने हे घरी येऊन ओसरीवर सगळ्यांदेखत सांगितलं, आणि तिथंच ती फसली.

"हाटेलात जायचं आन घरच्याला सोडून जायचं?" नर्मदाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूने, मूग पाखडता पाखडता विचारलं होतं. "गावात काय सांगू मी? पोरगा येगळा निघाला म्हणून सांगू?"

साखरा गावच्या त्या घरात वेगळं बसून खाणं हे चोरून खाण्यातच जमा होतं. त्यामुळे सासू-सासरे आले. ते आले म्हणून थोरले दीर संतोष, जाऊ निताताई आणि त्यांची दोन पोरं आली. मग सासऱ्यांना, सोनाजीबापूंना, आठवण झाली की हट्टा गावच्या धाकट्या भावाला कित्येक दिवसांत जेवायला बोलावलेलं नाही. मुंजाजीकाका आणि काकू आदल्या दिवशीच मुक्कामाला येऊन थडकले. चार वाजता माणसं जेवत नसतात, चहा पितात, असं म्हणून बापूंनी एकची वेळ ठरवली. वार ठरवला रविवार. मॅडमच्या सांगण्यातलं शेवटी एकच शिल्लक राहिलं होतं, हॉटेल.

"अडतीस," खिडकीला नाक लावून बसलेली सृष्टी म्हणाली. समोरून हळदीची पोती भरलेला ट्रक गेला होता, त्याच्या पाटीवर एमएच अडतीस होतं.

"व्हय बाई, अडतीस," दिपा म्हणाली. पोरीचा आवाज शांत होता. अजून तरी शांत होता.

सृष्टी सहा वर्षांची होती. शब्द तिला मोजकेच यायचे, पण गाड्यांचे नंबर ती एका नजरेत वाचायची. अडतीस म्हणजे आपल्या जिल्ह्याचं, बावीस म्हणजे परभणीचं, सव्वीस नांदेडचं, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. कपाळावरचा नुसता केस कोणी मागे सारला तरी ती किंचाळून उठे, आणि मिक्सर लागला की गोठ्यात जाऊन बसे. नांदेडच्या डॉक्टरांनी तिच्या या वेगळेपणाला एक लांबलचक नाव दिलं होतं. नर्मदाबाई म्हणायच्या, नाव कशाला ठेवता लेकराला, मोठी झाली का बोलंल.

दिवाळीत दिपाने विषय काढला होता. हिंगोलीत एक खोली घ्यायची, ती आणि सृष्टी तिथं राहतील, आणि पोरगी रोज मॅडमच्या वर्गाला जाईल. आता आठवड्यातून दोनदा एसटीने दीड तास जायचं आणि दीड तास यायचं. गाडीच्या खडखडाटाने पोर अशी काही शिणायची की वर्गात पोचल्यावर अर्धा वेळ टेबलाखालीच काढायची. बापूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक डाव पोरगी चारचौघांत बसून माणसावानी जेवली का मी सोता खोली बघून देतो. न्हाई जेवली तर हा इषय पुन्हा घरात काढायचा न्हाई."

माणसावानी. तो शब्द दिपाला असा लागला की त्या रात्री तिला भाकर गिळवली नाही. आणि तिचा नवरा, सोमेश्वर, तेव्हा खाली मान घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. बापाने काही म्हटलं की त्याला नेमक्या शेंगा सापडायच्या. त्या दिवशीचा राग दिपाच्या मनातून अजून पुरता गेलेला नव्हता.

पण अट तिने घेतली. दीड महिना तिने माजघरात हॉटेल मांडलं. दिराच्या पोरांचं अभ्यासाचं टेबल, प्लास्टिकची खुर्ची आणि लग्नपत्रिकेचं मेनूकार्ड. दिपाच वेटर आणि दिपाच मालक. वाट बघायला वीस चिंचोके. एका वाटीतला एकेक चिंचोका सृष्टीने दुसऱ्या वाटीत टाकायचा. वीस झाले की ताट येणार. ताटात पांढरा भात, भाताला न टेकलेली दह्याची वाटी, आणि अख्खा पापड. पहिल्या दिवशी तीन चिंचोक्यांतच टेबल आडवं झालं होतं. पण गेले बारा दिवस वीसच्या वीस चिंचोके निमूट पडत होते, आणि सृष्टी ताट पुसून खात होती. दिपाने कालच हॉटेलच्या मालकाला फोन करून ठेवला होता, भाऊ, पोरीचं ताट आधी येऊ द्या, बाकीच्यांचं मग आणा. मालक भला वाटला. त्याच्या भाच्याचं लेकरू असंच होतं म्हणे.

"दिपा, एक बोलू का?" जीपमध्ये शेजारी बसलेली निताताई हळूच म्हणाली. "हे तू कशाला ओढवून घेतलं? घरात खाती ना ती पोटभर? मंग? उद्या तू खोलीत राहायला गेली तर इकडं सोयाबीन कोण बघंल, म्हशी कोण बघंल? मी एकटीच का?"

"ताई, मी म्हशींसाठी पोरीला टेबलाखाली ठेवू का?"

निताताईने तोंड फिरवलं. तिच्याशी भांडायचं नाही असं ठरवून दिपा घरातून निघाली होती, आणि अजून हॉटेलही आलं नव्हतं.

हॉटेल तुडुंब भरलं होतं. भिंतीवर टीव्ही चालू होता, आत कुठंतरी मिक्सर घरघरत होता, आणि काउंटरवरचा पोऱ्या आरडून ऑर्डर सांगत होता. सृष्टीने दोन्ही हात कानांवर ठेवले, पण पाय मागे घेतला नाही. दिपाने कोपऱ्यातलं टेबल हेरून ठेवलं होतं. भिंतीला सृष्टी, तिच्या बाजूला आपण, म्हणजे कोणाचा धक्का नाही. पण वेटरने अकरा माणसं बघून मधोमध तीन टेबलं जोडली, आणि बापूंनी लगेच बसण्याची आखणी हातात घेतली.

"मुंजाजी, तू हिकडं. सुना तिकडच्या अंगाला. आन नात माझ्याजवळ बसंल."

"बापू, तिला भिंतीकडं बसवू द्या," दिपा म्हणाली.

"आगं, कोपऱ्यात काहून बसवती? चोर हाय का ती?"

हे ते प्रेमानेच म्हणाले होते, आणि म्हणूनच दिपाला पुढे बोलता येईना. तिने सोमेश्वरकडे पाहिलं. तो मेनूकार्ड वाचत होता. शेंगा नव्हत्या, तर मेनूकार्ड. शेवटी एका बाजूला बापू आणि दुसऱ्या बाजूला दिपा अशी सृष्टी मध्ये बसली. खुर्चीवर बसली, हेच पुष्कळ होतं. दिपाने पिशवीतून दोन वाट्या काढल्या आणि चिंचोके मोजून ठेवले.

"हे काय मांडलं?" मुंजाजीकाकांनी विचारलं. "सारीपाट खेळायचा का?"

"वाट बघायची सवय लावलीय तिला, काका."

"मला बी दे मंग दहा-बारा. भुकेनं जीव चाललाय माझा." काकांची शेवभाजी कोरडी की रश्शाची यावर वेटरशी घासाघीस सुरू झाली. संतोषच्या पोरांनी मंचुरियन मागितलं. नर्मदाबाईंनी विचारलं, इथं पिठलं भेटतं का. वेटर म्हणाला, "अम्मा, पिठला नहीं, पनीर है." त्यावर त्या एवढ्या दुखावल्या की पाणीसुद्धा नको म्हणाल्या.

या सगळ्या गलक्यात सृष्टी चिंचोके टाकत होती. सात. आठ. तिचे ओठ हलत होते. मिक्सर पुन्हा सुरू झाला तेव्हा तिचा हात वाटीवर थांबला, खांदे कानांपर्यंत वर गेले. मिक्सर बंद झाला. नऊ. दहा. दिपाला वाटलं, उठून या सगळ्या हॉटेलला ओरडून सांगावं, अरे बघा, माझी पोर बसली आहे. चौदा. पंधरा. निताताईसुद्धा आता बोलायची थांबून वाटीकडेच बघत होती.

वीस.

आणि मालकाने शब्द पाळला. विसावा चिंचोका वाटीत वाजला आणि वेटरने ताट आणून ठेवलं. पांढरा भात, वेगळं दही, अख्खा पापड. सृष्टी हसली. ती फार कमी वेळा हसायची, आणि हसली की समोर कोणी नसलं तरी हसायची. तिने उजवा हात उचलला.

बापूंचा पंजा येऊन ताटावर आडवा बसला.

"थांब बाई. सगळ्यांना येऊ दे."

यात बापूंना आपण काही वेगळं केलं असं वाटायचं कारणच नव्हतं. सोनाजीबापू हा पंगतीचा माणूस. आसपासच्या सात-आठ गावांत लग्न असो, सप्ताह असो, तेरवी असो, पंगत उठवायला बापूच लागत. शेवटच्या पत्रावळीवर मीठ पडेपर्यंत पहिल्याने घासाला हात लावायचा नाही, आणि शेवटच्याचं होईपर्यंत पहिल्याने उठायचं नाही, हा त्यांचा कायदा. तालुक्याहून आलेल्या एका साहेबाला त्यांनी तोंडाशी नेलेला घास परत ठेवायला लावला होता, आणि ती गोष्ट साखऱ्यात अजून सांगतात. घरात तर त्यांचा हात ताटावर आला की दोन वर्षांचं लेकरूही थांबायचं. त्यांच्या पोरांना त्यांनी असंच शिकवलं होतं, आणि संतोषच्या पोरांनाही. सृष्टी आजवर त्यांच्यासोबत पंगतीला बसलीच नव्हती. तिचं ताट नेहमी आत, आधी होऊन जायचं. आज ती पहिल्यांदा बसली म्हणूनच तो हात मायेने पुढे आला होता.

"बापू, तिला खाऊ द्या," दिपा घाईने म्हणाली. "तिचं आधीच ठरलंय."

"दोन मिनिटं. काय मरती का दोन मिनिटांनी? शिकू दे."

"बापू, तिला ते कळत न्हाई..."

"कळंल. कळवायलाच तर आणलंय ना?"

दोन मिनिटं म्हणजे किती चिंचोके, हे सृष्टीला कोणी सांगितलं नव्हतं. तिचे वीस झाले होते. तिने रिकामी वाटी पाहिली, भरलेली वाटी पाहिली, मग ताटावरचा हात पाहिला. दोन्ही हातांनी तिने तो ढकलला. बापूंना वाटलं, नात खेळते आहे. ते हसले आणि हात अजून घट्ट दाबून बसले. पापड कडकन मोडला, आणि त्यांची करंगळी भातात रुतली.

पुढचं सगळं एका दमात झालं. सृष्टीची किंकाळी निघाली. तिने बापूंच्या मनगटाला चावा घेतला. ताट उडालं, दही मुंजाजीकाकांच्या टोपीवर गेलं, चिंचोके फरशीभर पसरले, आणि पोर खुर्चीसकट खाली जाऊन टेबलाच्या पायाला डोकं आपटायला लागली. दिपा गुडघ्यांवर बसून तिच्या डोक्यापुढे आपला तळहात धरत राहिली. टीव्ही चालूच होता. बाकी सगळं हॉटेल गप्प होऊन बघत होतं. पलीकडच्या टेबलावरच्या एका माणसाने मोबाइल वर धरला.

"ये भाऊ!" आवाज निताताईचा होता. ती उठून त्या माणसाच्या मोबाइलपुढे पदर खोचून उभी राहिली होती. "ठेव खाली. तुझ्या घरची वरात हाय का ही?"

माणसाने मोबाइल खाली ठेवला. दिपाने सृष्टीला पोटाशी घट्ट आवळलं आणि लाथा खात खात ती दाराबाहेर पडली.

बाहेर गाड्या उभ्या होत्या. दिपा त्यांच्या रांगेसमोर उन्हात फरशीच्या कट्ट्यावर बसली, पोरीला मांडीत दाबून पुढे-मागे झुलत राहिली. बराच वेळ गेला. किंचाळणं कण्हण्यावर आलं, कण्हणं श्वासावर.

"अडतीस," शेवटी सृष्टी म्हणाली. आवाज फाटला होता. "अडतीस. अडतीस. सव्वीस."

"व्हय. सव्वीस."

सृष्टी मांडीतून उतरली आणि एकेका गाडीपुढे जाऊन उभी राहायला लागली. तेव्हा दिपाला रडू आलं. दीड महिन्याची मेहनत गेली म्हणून आलं, खोली गेली म्हणून आलं, आणि सगळ्यात जास्त आलं ते पोर हसली होती म्हणून. ती बसली होती. तिने तिचं सगळं बरोबर केलं होतं. आणि आता घरात जन्मभर सांगितलं जाणार होतं की हॉटेलात नेली, तर आज्यालाच चावली.

निताताई आली तेव्हा तिच्या हातात दुसरं ताट होतं. भात, दही, पापड. ते तिने अंगावर धरल्यासारखं जपून आणलं होतं.

"मी कायबी हलवलं न्हाई," ती म्हणाली. "पापड बी वेटरच्या हातून घेतला न्हाई, सोता ठेवला. नीट हाय ना?"

दिपाने नुसती मान हलवली. निताताई शेजारी टेकली.

"मी बापूंना बोलले," ती म्हणाली. "म्हणले, पोरगी नीट बसली व्हती. तुमी हात घातला म्हणून झालं."

"तुमी? बापूंना?"

"तोंडातून गेलं. आमचे हे माझ्याकडं असे बघून राहिले जसं काही मी घराला काडी लावली." निताताई हसली. "खरं सांगू का? म्हशींचं निमित्त व्हतं. मला तुझा राग येत व्हता, दिपा. तुला लेकरासाठी का व्हईना, घराभाईर पडायला कारण हाय. मला तं तेबी न्हाई."

सोळा वर्षं ही बाई त्या घरात चुलीपुढे होती, आणि दिपाने तिला हे कधी विचारलंच नव्हतं. तिने निताताईचा हात धरला. मग विचारलं, "जेवण आलं का आत?"

"येऊन थंड झालं. कुणीच जेवून न्हाई राहिलं. बापू म्हणले, पंगतीतलं माणूस उठलंय, ते येईस्तोवर कुणी हात लावायचा न्हाई. पोरं रडकुंडीला आलीत. काकांचं तर बघवत न्हाई."

दिपाचं रडणं एकदम थांबलं. म्हणजे आत दहा थंड ताटं वाट बघत होती. पोरीने डोळे पुसून आत जायचं, सगळ्या हॉटेलसमोर त्याच खुर्चीवर बसायचं, आणि ती बसली की मगच घर जेवणार. दिपाला ही बापूंची माया आहे की शिक्षा, तेच कळेना. आणि जे काही होतं, त्याने तिचं डोकं तापलं.

"ताई, तिच्याजवळ बसता का? बोलायचं न्हाई, हात लावायचा न्हाई. ताट कट्ट्यावर ठेवा आन तिकडं तोंड करून बसा. ती येईल तिची."

"आन तू कुठं निघाली?"

"जेवायला सांगायला."

आत खरोखरच सगळे हात मांडीवर ठेवून बसले होते. शेवभाजीवर तेलाचा थर जमला होता. वेटर लांब उभा राहून मालकाशी कुजबुजत होता. आपल्या स्वयंपाकात काही पडलं की काय, अशी त्याच्या तोंडावर भीती होती. बापूंनी मनगटाला रुमाल गुंडाळला होता. दिपा टेबलाच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर केव्हाच पडला होता, तो तिने तसाच राहू दिला.

"बापू, तुमी जेवा."

"ती कुठाय?"

"भाईर हाय. ती आत येणार न्हाई."

"मंग आमी थांबतो. घाई न्हाई."

"थांबू नका, बापू. हात जोडते. तुमी थांबता त्याचंच तिला भ्या वाटतं." दिपाचा आवाज चढला, आणि आपला चढलेला आवाज ऐकूनही ती थांबली नाही. "तिनं किती केलं ते तुमी बघितलं न्हाई का? वीसच्या वीस टाकले तिनं. एवढ्या गलक्यात बसली. अजून काय माणसावानी करायचं तिनं? तुमच्या पंगतीत तिला बसता येत न्हाई. आज न्हाई, उद्या पण येईल का मला म्हाईत न्हाई. तिला सोडा."

"माझी नात हाय ती!" बापूंनी टेबलावर हात आपटला. रुमाल सुटला. मनगटावर दातांची लाल खूण दिसत होती. "माझ्या जिवात जीव हाय तवर ती माझ्या पंगतीतून उठणार न्हाई. दुनियेला जेवू घातलं मी. आन घरचं लेकरू भाईर बसवून मी जेवू?"

नर्मदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. संतोष ताटाकडे बघत राहिला. तो घरात नेहमी बापाच्या बाजूने असे, पण आज त्याची बायको बाहेर कट्ट्यावर बसली होती, आणि कोणत्या बाजूने बसावं ते त्याला ठरवता येत नव्हतं.

तेवढ्यात सोमेश्वरने पुढ्यातली रोटी मोडली. रोटी थंड होऊन चिवट झाली होती, त्यामुळे त्याला दोन्ही हात लावावे लागले. तुकडा त्याने भाजीत बुडवला आणि तोंडात घातला.

बापूंच्या डोळ्यांदेखत, बापूंच्या आधी. त्या घरात हे आजवर कोणी केलं नव्हतं. सोमेश्वर खाली बघून चावत होता, आणि घास काही केल्या उतरत नव्हता. पण त्याने तो टाकलाही नाही. पाण्याबरोबर गिळला आणि दुसरा तुकडा मोडला.

"सोम्या," बापू म्हणाले.

"जेवतो, बापू," सोमेश्वर म्हणाला. "तिला तिकडं जेवू द्या. आमाला इकडं जेवू द्या."

लग्नाला आठ वर्षं झाली होती. नवऱ्याचा आपल्याला अभिमान वाटेल असं दिपाला आज सकाळी कोणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. बापू पोराकडे बघत राहिले. ते आता आभाळ कोसळवणार, असं सगळ्यांना वाटलं. काकांनी तर खुर्ची थोडी मागेही घेतली.

पण बापू उठले. चालत ते दारापाशी गेले आणि काचेतून बाहेर बघत उभे राहिले. दिपा त्यांच्या मागे गेली. बाहेर निताताई रस्त्याकडे तोंड करून शहाण्यासारखी बसली होती. तिच्यापासून हातभर लांब, कट्ट्याच्या टोकाला सृष्टी होती. ताट मांडीत घेऊन ती भात खात होती. एक घास भात, मग एक बोट दही. उन्हात तिचे पाय हलत होते.

"त्या मॅडमकडं," बापू म्हणाले, "तिकडं तिला कोण बसवतं जेवायला?"

"कुणी न्हाई बसवत. डबा उघडून ठेवतात. तिची ती बसते."

"एकटी?"

"एकटी, बापू. बाकीची लेकरं असतात आसपास. आपापली."

"आन पोट भरतं तिचं? असं?"

"भरतं. डबा पुसून खाती."

बाहेर सृष्टीने पापड उचलला, उन्हाकडे धरला, त्यातून पाहिलं, आणि मग कडेकडेने कुरतडायला लागली. बापूंनी काचेवर हात ठेवला होता. तो चावा घेतलेलाच हात होता. त्यांचं नाक लाल झालं होतं. या माणसाला दिपाने आजवर कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि आता बघावं की नाही हेही तिला कळेना, म्हणून तीही बाहेरच बघत राहिली.

"मंग घेऊन जा तिला," बापू म्हणाले. "खोली मी बघतो."

दिपाने चार महिने या शब्दांची वाट पाहिली होती. ते आले आणि तिच्या छातीत आनंद असा काही झालाच नाही. कोणीतरी धरलेला हात सोडला की कसं होतं, तसं झालं. तिला वाकून पाया पडावंसं वाटलं, पण बापू वळले होते.

ते परत येऊन आपल्या जागेवर बसले. शेजारची छोटी खुर्ची रिकामी होती. तिच्याकडे न बघता त्यांनी बाही वर सारली, थंड रोटीचा तुकडा मोडला आणि तो हातातच धरून ठेवला. सगळं टेबल त्यांच्या हाताकडे बघत होतं.

"दिपा," त्यांनी हाक मारली.

"जी, बापू."

"तिला सांगू नको हां कधी. का आजा तिच्याबिगर जेवला म्हणून."

आणि त्यांनी घास घेतला.